बिनसमुद्राचं बंदर

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. पैनगंगा आहे, पूर्णा आहे, नळगंगा आणि ज्ञानगंगा आहेत. पण उन्हाळ्यात त्यांच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. तरी आमचा कापूस मात्र पार समुद्र ओलांडून गेला. १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला, तो माणसांपेक्षा कापसाच्या गाठींच्या सोयीसाठी. गाठी खामगावहून मुंबईला आणि तिथून बोटीनं विलायतेला. डेकखाली का होईना, त्यांचा प्रवास झाला. ज्या बायांनी तो कापूस वेचला, त्यांच्यापैकी कितीजणींनी खामगावचं स्टेशन तरी पाहिलं असेल, कोण जाणे.

आता दीडशे वर्षांनी कापसामागून माणसंही निघाली आहेत. चिखली-खामगावकडच्या लग्नांत पूर्वी ‘चारधाम झालं का?’ असं विचारत. आता ‘क्रूझ झाली का?’ असं विचारतात. मुंबईहून गोव्याला आणि लक्षद्वीपला जाणारी आहे, पण ती जरा घरगुती. खरी मानाची ती सिंगापूरहून निघणारी. सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर.

आमच्या मेहुण्याची झाली. मूळचा चिखलीचा, आता पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. दिवाळीच्या आधी तो बायको-मुलांसह आमच्याकडे मेहकरला आला आणि जेवणं व्हायच्या आत त्यानं मोबाईल टीव्हीला जोडला.

फोटो पाहताना माझ्या लक्षात आलं की जहाजावर समुद्र फार कमी असतो. बहुतेक फोटो जेवणाचे. फळांचे डोंगर, कलिंगडात कोरलेला मोर, केकचे मजले, इडली, जैन थाळी. मेहुणा सांगत होता, ‘‘ताई, चोवीस तास चालू. रात्री दीड वाजतासुद्धा पिझ्झा मिळतो.’’

‘‘रात्री दीडला कोण जेवतं रे?’’

‘‘कोणीच नाही. पण मिळतो.’’

श्रीमंतीचं इतकं नेमकं वर्णन मी यापूर्वी ऐकलं नव्हतं. आमच्या लहानपणी श्रीमंत म्हणजे ज्याच्या घरी पोळीवर तूप असतं तो. त्या तुपाला निदान खाणारं तोंड होतं.

मग आमच्या हिनं भावाला एक प्रश्न विचारला. गजानन महाराजांच्या भक्ताला तो सुचणारच. ‘‘एवढं उरतं, त्याचं काय करतात?’’

मेहुणा गप्प झाला. जहाज किती मजली आहे, किती टनांचं आहे, तरणतलाव किती आहेत, हे सगळं त्याला पाठ होतं. पण उरलेल्या अन्नाचा फोटो कोणी काढत नाही. ही मात्र मनानं शेगावची. २३ फेब्रुवारी १८७८ ला महाराज पहिल्यांदा लोकांच्या नजरेस पडले, ते देविदास पातुरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. शेगावकडच्या माणसाला ही गोष्ट आईच्या दुधाबरोबर मिळते. त्यामुळे भरलेलं ताट बघताना त्याचा अर्धा डोळा उष्ट्याकडे असतो.

उत्तर मी नंतर शोधलं. जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहेत. अन्न दळून बारीक केलेलं असेल तर किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे समुद्रात सोडता येतं. न दळलेलं असेल तर बारा मैल जावं लागतं. काही जपलेल्या समुद्रांत नियम याहून कडक आहेत. मी हे वाचून दाखवल्यावर ही म्हणाली, ‘‘चला, म्हणजे मासे तरी जेवतात.’’ आणि उठून उरलेली भाकरी गाईला घालायला गेली.

जेवणाचे फोटो संपल्यावर बंदरं आली. बंदराचा दिवस कसा असतो, ते मेहुण्यानं समजावून सांगितलं. सकाळी जहाज लागतं. न्याहारी जहाजावरच, कारण तिचे पैसे आधीच भरलेले असतात. मग खाली उतरायचं, बसमध्ये बसायचं, देऊळ, बाजार, एखादी जुनी वस्ती बघायची आणि संध्याकाळच्या आत परत, कारण रात्रीचं जेवणही जहाजावर. म्हणजे हजारो माणसं एका गावात येतात, दिवसभर हिंडतात आणि त्या गावात पोटभर जेवतसुद्धा नाहीत. बंदराच्या गावाला मिळतं काय? बसभाडं, फ्रिजवर लावायची थोडी चुंबकं, थोड्या टोप्या. कचऱ्याचा हिशेब वेगळा.

पेनांगला जॉर्जटाऊन नावाचं जुनं शहर आहे. २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथे समुद्रात लाकडी खांब रोवून त्यावर फळ्यांचे धक्के बांधले आहेत आणि त्या धक्क्यांवर घरं. चिनी हमालांनी, नावाड्यांनी एकेका आडनावाची वस्ती करून ती बांधली. चू आडनावाचा धक्का सगळ्यांत मोठा. क्रूझ जिथे लागते, तिथून फार लांब नाही. मेहुण्याच्या एका फोटोत त्या धक्क्यावरच्या एका घराच्या दारात वाळत घातलेली चड्डी, एक सायकल आणि पंख्यासमोर बसून टीव्ही बघणारा बनियनमधला म्हातारा होता. म्हाताऱ्यानं मान वळवलेली नव्हती. रोज इतकी माणसं दारावरून जातात म्हटल्यावर कोण कशाला वळवेल?

फोटोवर बोट ठेवून मेहुणा म्हणाला, ‘‘गरीब आहेत हो दाजी. पण चेहऱ्यावर समाधान बघा किती!’’

मी चष्मा पुसून पाहिलं. म्हाताऱ्याची पाठ दिसत होती.

त्या रात्री मला झोप लागेना, म्हणून मी हिशेब केला. पाहुणे झोपल्यावर यजमानानं त्यांच्या खर्चाचा हिशेब करणं सभ्यपणाचं नाही, पण बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाचा हात शिवशिवतो. क्रूझचा खर्च माणशी लाखभर धरला. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे एका माणसाच्या क्रूझला जवळपास १९ क्विंटल सोयाबीन. कोरडवाहू तीन एकर चांगलं पिकलं तर. आणि हमीभावानं विकलं गेलं तर. आणि बी, खत, फवारणी, सोंगणी, मळणी हे सगळं फुकट झालं असं मानलं तर. तिसऱ्या ‘तर’पाशी मला झोप लागली. यात मेहुण्याचा दोष काहीच नाही. त्याचे पैसे त्याच्या कष्टाचे. सोयाबीनचा भाव काही त्यानं पाडलेला नाही.

आता आमच्या इथल्या जहाजाबद्दल सांगतो.

मेहुणा पुण्याहून आला तो संभाजीनगरजवळ समृद्धी महामार्गावर चढून आणि मेहकरला उतरून. मी ‘चढून’ आणि ‘उतरून’ म्हणालो, कारण आमच्याकडे आता असंच म्हणतात. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा हा रस्ता. त्यातले सुमारे ८७ किलोमीटर आमच्या जिल्ह्यातून जातात. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला, ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा. दोन्ही बाजूंना कुंपण. मधेच कुठे थांबायचं नाही, मधेच कुठे चढायचं नाही. मेहकर, दुसरबीड, सिंदखेड राजा ही आमची बंदरं. ताशी १२० चा वेग. खायचं, प्यायचं, पेट्रोल भरायचं ते आतल्या आत. डेकवरून गावं सुंदर दिसतात. मेहुणा म्हणाला, ‘‘दाजी, जिल्हा पार बदलला हो. काय हिरवागार! गावं अशी छोटी छोटी, चित्रातली वाटतात.’’ रस्ता भरावावर आहे, गावं खाली आहेत, म्हणून छोटी दिसतात. गावातून रस्ता पाहिला की रस्ता मोठा दिसतो.

ज्यांच्या जमिनी रस्त्यात गेल्या, त्यांना चांगले पैसे मिळाले, हे खरंच आहे. बाजारभावाच्या कितीतरी पट. काहींनी त्यातून दुसरीकडे शेत घेतलं, काहींनी मुलींची लग्नं केली, काहींनी बंगले बांधले. काहींच्या टिनाच्या गोठ्यात, जिथे बैलजोडी होती तिथे, पांढरी चारचाकी उभी राहिली. एक गंमत मात्र कागदावरच ठरलेली आहे. या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे, ट्रॅक्टरलाही. त्यामुळे ज्याचं चार एकर शेत त्या डांबर-काँक्रीटखाली गेलं, तो आपल्या मोटारसायकलवरून आपल्याच जुन्या बांधावर जाऊ शकत नाही. वावराचा उरलेला तुकडा पलीकडे असेल तर खालच्या बोगद्यातून वळसा घालून जायचं. त्या बोगद्यापाशी सकाळी ढोरं घेऊन पोरं उभी असतात आणि वरच्या गाड्यांना हात करतात. १२० च्या वेगात उलट हात करायला वेळ मिळत नाही.

१ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ या रस्त्यावर खाजगी बस जळाली आणि २५ माणसं गेली. तेव्हापासून आमच्याकडे या रस्त्यावर फार विनोद होत नाहीत. मीही इथे थांबतो.

जुना रस्ता डोणगाव, मेहकर, सुलतानपूर, बिबी करत गावागावांतून जायचा. त्या रस्त्याला खड्डे होते आणि त्या खड्ड्यांवर कितीतरी संसार चालत. गाडी पंक्चर झाली की पंक्चरवाला, पंक्चर निघेपर्यंत चहावाला, चहाबरोबर भजीवाला. कोणी गावात देवळाची चौकशी करायचा, कोणी पाणी मागायचा. रस्ता वाईट होता, पण नागपूरचा माणूस सुलतानपूरच्या माणसाशी दोन शब्द बोलून पुढे जायचा. चांगला रस्ता नको, असं म्हणणारा मी नाही; रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आल्यावर मलाही समृद्धीच आठवते. मी फक्त चहावाल्याबद्दल बोलतो आहे.

दुसऱ्या दिवशी लोणार. मेहुण्याकडे दोन तास होते. पुढे त्याला शेगाव गाठायचं होतं, वाटेत चिखलीला सासरच्या नात्यातलं कोणी.

लोणारबद्दल किती सांगावं हा आमच्या जिल्ह्याचा जुना प्रश्न आहे. पाहुण्याला आम्ही सगळंच सांगतो. आकाशातून दगड पडला आणि बेसॉल्टच्या कातळात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा झाला. खाली खारं पाणी. कधी पडला? जुन्या पुस्तकांत सुमारे ५० हजार वर्षं, नंतरच्या संशोधनात ५ लाख ७० हजार वर्षं. सातबाऱ्यावर एवढा फरक निघाला असता तर तलाठ्यानं फेरफार अडवून ठेवला असता, शास्त्रात चालतं. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं या तळ्याची नोंद केली आणि तेव्हापासून त्याचा ‘शोध लागला’ असं पुस्तकांत छापतात. त्याआधी दोनशे-सव्वादोनशे वर्षं ऐन-इ-अकबरीत लोणारचं नाव येऊन गेलं होतं. काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो, सोराही निघतो आणि त्यातून सरकारात चांगला वसूल येतो, अशी नोंद आहे. मोगलांना आमच्या खाऱ्या तळ्यातला साबण दिसला, इंग्रजांना खड्डा दिसला. लोणारकरांना लवणासुर दिसतो आणि त्याला मारणारा दैत्यसूदन. जो तो आपापल्या डेकवरून बघतो.

जून २०२० मध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं. टाळेबंदीचे दिवस होते. जगभरच्या वर्तमानपत्रांत फोटो आले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं, मिठात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग आणल्याचं सांगितलं. सगळ्या जगाला यायचं होतं आणि कोणालाच येता येत नव्हतं. आमच्या इतिहासातली ही एकमेव वेळ, जेव्हा लोणारला प्रसिद्धी मिळाली आणि प्लास्टिकची बाटली मिळाली नाही. त्याच वर्षी तळं पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं.

हे सगळं मी मेहुण्याला काठावर उभं राहून सांगितलं. त्यानं ते मोबाईलकडे पाहत ऐकलं, कारण तो व्हिडिओ काढत होता. मग म्हणाला, ‘‘वरून सगळंच दिसतं की. खाली जायची गरज नाही.’’

इथे माझं मत कोणाला पटो न पटो, मी सांगतो. खाली उतरलं नाही तर लोणार पाहिलं असं म्हणू नये. वरून दिसतो तो हिरवा वाडगा. खाली गेलात की आधी वास येतो, सडक्या अंड्यासारखा, नाकात बसणारा. मग बाभळी, मोरांचे आवाज, पडक्या देवळांत वटवाघळं. काठाची माती पायाखाली मऊ लागते आणि कडेला पांढरी कड दिसते, ती मिठाची-सोड्याची. आणि याच खड्ड्याच्या वरच्या अंगाला गोमुखाची धार आहे, गोड्या पाण्याची, बारमाही. खाली ते खारं पाणी आणि वर हे पाणी ज्याच्याखाली बाया-माणसं अंघोळ करून ओल्या लुगड्यानं पायऱ्या चढतात. मेहुण्याच्या दोन तासांत गोमुख बसत होतं, तळं बसत नव्हतं. आम्ही गोमुखाला गेलो.

पायऱ्यांपाशी एक म्हातारी पाटीत सीताफळं घेऊन बसली होती. वाटे लावलेले, एका वाट्यात पाच. मेहुण्याची बायको तिच्याजवळ बसली. ती मनानं चांगली बाई आहे, कोणाशीही बोलते.

‘‘आजी, किती शांत आहे ना इथे!’’

‘‘शांतच राहील बाई. गिऱ्हाईक कुठं हाय?’’

‘‘आम्ही आलो ना. पुण्याहून आलो, तळं बघायला.’’

म्हातारीनं तिच्याकडे नीट पाहून घेतलं. ‘‘एवढ्या दुरून खड्डा पाहाले आले?’’ मग जरा थांबून म्हणाली, ‘‘आमच्या वावरात बी हाय एक. चाळीस हात खंदला. पाणी नाही लागलं. तो पाहाले कोणी येत नाही.’’

मेहुण्याची बायको हसली. म्हातारीही हसली. मी नाही हसलो, कारण चाळीस हात विहीर खणायला काय लागतं आणि ती कोरडी निघाल्यावर सोसायटीचं कर्ज कसं वाढतं, याचे कागद मी आयुष्यभर हाताळले आहेत.

सीताफळं घेतली. मेहुण्याकडे रोख नव्हती. म्हातारीनं पदराच्या गाठीतून नव्हे, तर पाटीखालून प्लास्टिकमध्ये घातलेला क्यूआर कोड काढला. पोस्टकार्डाएवढा, कडा उलून गेलेला, सीताफळाच्या गराचा डाग पडलेला. पैसे गेले. फोनवर नाव आलं ते कोण्या पोराचं.

‘‘हा कोण?’’

‘‘नातू. चाकणले असते. कंपनीत.’’

‘‘म्हणजे पैसे त्याला गेले?’’

‘‘त्यालेच. तो पाठवते महिन्यानं.’’ वाटा पिशवीत ओतता ओतता ती म्हणाली, ‘‘आठवण आली तं.’’

गाडीत बसल्यावर मेहुण्याची बायको काचेतून मागे पाहत म्हणाली, ‘‘किती समाधानी आहे ना म्हातारी!’’

हे समाधान नावाचं प्रकरण मला कधी उलगडलेलं नाही. ते गरिबाच्या चेहऱ्यावर असतं आणि फक्त परगावच्या माणसाला दिसतं. तलाठ्याला दिसत नाही, सोसायटीच्या सचिवाला दिसत नाही, किराणा दुकानदाराला तर कधीच दिसलेलं नाही. न्याहारी करून निघालेल्या माणसाला ते लांबूनसुद्धा दिसतं. पेनांगच्या म्हाताऱ्याच्या पाठीवर दिसलं, लोणारच्या म्हातारीच्या बोळक्यात दिसलं. मला वाटतं, बघणाऱ्याला स्वतःच्या सुखाची थोडी लाज वाटत असते, आणि समोरचा समाधानी ठरला की ती लाज बसमध्ये बसायच्या आत उतरते. यात दुष्टपणा नाही. हा प्रवासखर्चाचाच एक भाग आहे.

आणि हे लांबून, आपल्या जागी बसून बघणं क्रूझवाल्यांनी आणलं असंही नाही. ही कल्पना मूळ मेहकरची, असं मी मेहुण्याला ठासून सांगितलं. आमच्या गावात कंचनीचा महाल आहे, पडका. कंचनी नर्तकी होती, पैसा अमाप. तिला वाटलं, आपल्या महालाच्या वरच्या मजल्यावरून लोणारच्या कमळजादेवीचा दिवा दिसावा. म्हणून ती महाल चढवत गेली. लोणार इथून चार कोसांहून लांब. चालत जाऊन दिवा बघता आला असता, पण तिला तो घरी बसून बघायचा होता. देवीला ते रुचलं नाही, असं सांगतात. महालाची पुढे जी गत झाली ती दिसतेच आहे. मेहुणा म्हणाला, ‘‘म्हणजे बाल्कनीची केबिन!’’ बाल्कनीच्या केबिनला जास्त पैसे पडतात, हे मला तेव्हा कळलं.

मेहुण्यावर अन्याय होऊ नये म्हणून दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. जहाजावर त्याची खोली आवरायला इंडोनेशियाचा एक पोरगा होता. रोज संध्याकाळी टॉवेलला घड्या घालून कधी हत्ती, कधी माकड करून पलंगावर ठेवायचा. मेहुण्यानं त्याच्याशी गप्पा मारल्या. घरी दोन वर्षांची मुलगी. कित्येक महिन्यांच्या करारावर बाप जहाजावर. मुलगी त्याला फोनच्या काचेतून ओळखते. मेहुण्यानं त्याला आमच्या हिनं दिलेला चिवडा दिला. दुसऱ्या दिवशी हत्तीच्या सोंडेत चिठ्ठी होती, चिवडा छान आहे म्हणून. खालच्या मजल्यांवर अशी हजारभर माणसं असतात, बिनखिडकीच्या खोल्यांत. वरच्यांना ती फक्त हसताना भेटतात. हे सांगताना मेहुण्याचा आवाज जरा बदलला होता. जेवणाचे फोटो दाखवताना तो असा बोलला नव्हता.

दुसरी गोष्ट आमच्याच स्वयंपाकघरातली. निघायच्या दिवशी सकाळी भांडीवाली बाई चहा पीत होती. मेहुणा दारात उभा राहून बघत होता. मग हळूच म्हणाला, ‘‘ताई, हिचा कप वेगळा का गं? आणि त्याला कान का नाही?’’

ही म्हणाली, ‘‘तो तिला आवडतो.’’

बाईनं कप धुतला आणि मोरीजवळच्या खिडकीत, त्याच्या ठरलेल्या जागी, पालथा ठेवला. दोन तासांच्या पाहुण्याला पुष्कळदा चुकीचं दिसतं. पण कधीकधी घरच्यांना वर्षानुवर्षं न दिसलेलंही दिसून जातं.

त्या दिवशी आम्हीही त्यांच्याबरोबर शेगावला गेलो. संस्थानात महाप्रसादाला बसलो. पांढऱ्या कपड्यातला एक सेवेकरी वाढत होता. बोलण्यावरून शिकलेला, चांगल्या नोकरीतला वाटला. तिथे सेवेकऱ्यांना पगार नसतो, पाळी लागायला वाट पाहावी लागते आणि बक्षिशी कोणी घेत नाही. मेहुण्यानं सवयीनं खिशात हात घातला होता. जहाजावर बक्षिशी रोजच्या रोज बिलात लावतात, द्यायची इच्छा असो नसो. त्यावर त्याची जहाज सुटल्यापासून तक्रार होती. इथे उलटी अडचण झाली. पंगतीत त्याच्या डाव्या हाताला एक मजूर बसला होता, पायात स्लीपर, खांद्यावर दुपट्टं. त्यानं मेहुण्याच्या ताटाकडे पाहून सांगितलं, ‘‘भाऊ, लागलं तेवढंच घ्या. इथं टाकत नाहीत.’’ मेहुण्यानं सगळं संपवलं. जहाजावर आठवडाभर त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी ते पुण्याला गेले. फोनवर नंतर त्यानं सांगितलं की लोणारचा व्हिडिओ ऑफिसात सगळ्यांना आवडला आणि पुढच्या सुट्टीत तिघेचौघे येणार आहेत, मुक्काम आमच्याकडेच. येऊ द्या. पाहुण्यांना नाही म्हणणारा वऱ्हाडी अजून जन्माला यायचा आहे.

तुम्हीही या. मेहकरला किंवा दुसरबीडला उतरा. दोन तास काढून येऊ नका. एक रात्र राहा, म्हणजे गावात जेवण होईल आणि कोणाची तरी खोली भाड्यानं जाईल. सकाळी उन्हाच्या आत तळ्यापर्यंत खाली उतरा, येताना गोमुखाला डोकं भिजवा, दैत्यसूदनाच्या देवळात छताकडे बघायला विसरू नका. सिंदखेड राजाला लखुजी जाधवांचा वाडा आणि पुतळा बारव पाहा. १२ जानेवारीला, जिजाऊ जयंतीला गेलात तर गर्दीची तयारी ठेवा. पाण्याच्या बाटल्या आल्या तशा परत न्या. सीताफळं दसरा-दिवाळीच्या सुमारास मिळतात. आणि सुटे पैसे जवळ ठेवा. क्यूआर कोडचे पैसे चाकणला जातात.